जुन्या मापाचा शर्ट

खडूने तिने खांद्याची रेघ ओढली, मागे सरकून पाहिली आणि कात्री उचलली.

"आई, थांबा," मशीनवरून सून म्हणाली. "दोन बोटं आत घ्या."

"कशाला?"

"चौथं वर्ष चालू आहे. तुरुंगात राहून कुणी अंग धरतं का?"

सासूने कात्री नुसती हवेत दोनदा वाजवली. गल्लीत सगळे तिला मावशी म्हणायचे आणि पाठीमागे कात्री म्हणायचे. ते तिच्या कानावर आलेलं होतं, आणि तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

"माझ्या मुलाचं माप तू मला सांगणार? तू घरात आलीस तेव्हा त्याला मिशी फुटून दहा वर्षं झाली होती. त्याआधीचं एकेक बोट मी वाढताना पाहिलंय."

"मी कुठं नाही म्हणते? मी म्हणते, दोन बोटं..."

"तू काजं कर."

दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या साहेबाने घड्याळ पाहिलं. सरकारी माणूस. पँटची घडी अशी की बोट कापावं. तिने पहिल्या भेटीतच त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात. पांढरं कापड त्यानेच आणलं होतं, काखेत धरून, कुणाचं तान्हं मूल आणावं तसं. आणल्या आणल्या तिने विचारलं होतं, "माप आहे का?"

"मापं मी कुठून आणू? आईला ठाऊक नाही होय?"

एवढंच तो म्हणाला, हसून. पण ते तिला झोंबलं. "मला नाही तर कुणाला असणार?" ती म्हणाली होती, आणि तिथेच त्या शर्टाचं काय व्हायचं ते ठरून गेलं होतं.

आता कात्री कापडात शिरली. जुन्या मापाने. भरलेले खांदे, रुंद छाती, शेवटचं बटण लावताना किंचित ओढ बसेल असं पोट. दोन बोटं आत घेणं सोपं होतं, खडूची रेघ पुसायला फडक्याचा एक हात पुरला असता. पण मुलगा वाळलाय हे आपल्याच हाताने, आपल्याच कात्रीने कापडावर कापून ठेवायचं? ती सरळ कापत गेली.

सगळ्याच्या मुळाशी शेजारी होते. शेजारच्या देशांची मिळून एक परिषद होती. दर वर्षी ती एकेका देशात भरायची आणि यंदाची पाळी इथली होती. देश चालवणाऱ्या जनरलसाहेबांना ती फार हवी होती. त्यांनी रस्ते रंगवले, चौकाचौकांत झेंड्यांचे खांब रोवले, परिषदेच्या सभागृहाला नवे पडदे शिवून घेतले. आणि ऐन वेळी शेजाऱ्यांनी पाय मागे घेतला. आधी कैदी सोडा, निवडणुकीची तारीख सांगा, मग आम्ही येऊ. नाहीतर परिषद दुसरीकडे भरेल आणि तिथे तुमची खुर्ची मांडली जाणार नाही. मग बरेच महिने इकडचे निरोप तिकडे आणि तिकडचे इकडे. शेवटी एवढं ठरलं, की शेजाऱ्यांची चार-पाच माणसं येऊन कैद्यांना डोळ्यांनी पाहतील. तेही कैद्यांच्या कपड्यांत नाही, घरच्या कपड्यांत. समाधान झालं तर सही करतील. त्या मंडळींची प्रमुख नदीपलीकडच्या देशाची एक बाई होती, कधीकाळची परराष्ट्रमंत्री. तिने सर्वांत आधी ज्या कैद्याचं नाव घेतलं, तो मावशीचा मुलगा.

तो रेडिओवर बातम्या वाचायचा. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हातात दिलेला कागद बाजूला सारला आणि खरे आकडे वाचले. एकही न गाळता, नेहमीच्याच आवाजात. त्यानंतर हवामानही सांगितलं. दुपारपर्यंत ऊन पडेल असं म्हणाला होता. ऊन पडलं तेव्हा त्याला गाडीत घालून नेलं होतं. आईने त्या दिवशीही तीन गणवेश पुरे केले आणि संध्याकाळी ते सगळे उसवले, कारण एकाही शिवणीत दोरा सरळ गेलेला नव्हता.

त्यानंतर मुलगा तिला दिसला नव्हता. दर महिन्याला ती तुरुंगाच्या फाटकापर्यंत जायची, पिशवी द्यायची, रिकामी पिशवी घेऊन यायची.

"आता नीट ऐका, मावशी," इस्त्रीसाहेब उठला. "उद्या त्या बाई इथे येणार आहेत. कैद्यांची घरं बघायची म्हणतात. तुम्ही काय सांगायचं ते यात लिहिलंय." त्याने घडी घातलेला कागद पुढे केला.

तिने हात पुढे केला नाही. "ठेवा टेबलावर. चष्मा कुठं पडलाय कोण जाणे. सून वाचेल."

तिला चष्मा नव्हताच. सुईत दोरा ती अजून एका झटक्यात ओवायची. पण कागद पुढे आला की तिचा चष्मा हरवायचा, आज नाही, जन्मभर. दुकानात मापं ती पुकारायची आणि दुसरं कुणीतरी लिहायचं. आधी मुलगा लिहायचा, टेबलाखाली बसून, जीभ बाहेर काढून. आता सून. गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "राणी कधी स्वतः लिहिते का? ती सांगते, कारकून लिहितो." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

सुनेने कागद वाचला. मुलाला दर महिन्याला भेटते. तब्येत उत्तम आहे. सरकारकडून कसलाही त्रास नाही.

"पाठ होईल ना?" साहेबाने विचारलं.

"तीन वाक्यं आहेत. तुमच्या जनरलसाहेबांची भाषणं पाठ आहेत मला, तास-तासाची. रोज लाउडस्पीकर ओरडतो."

तो हसला नाही. "सगळं नीट झालं तर एक भेट मिळवून देईन. समोरासमोर. शब्द देतो."

तिच्या हातातली टाचणी कापडात आत जायची ती बोटात गेली. तिने बोट तोंडात घातलं.

"कधी?"

"सही झाली की. पण भेट आईला. बायकोला नाही. तिने परदेशी वर्तमानपत्रवाल्यांशी बोलून स्वतःच दार लावून घेतलंय."

मशीन थांबलं. सून चाकावर हात ठेवून तशीच बसून राहिली. सासूने तिच्याकडे पाहिलं नाही. बोटावरचं रक्त कापडाला लागू नये म्हणून तिने हात वर धरला होता आणि त्या हाताकडेच बघत ती म्हणाली, "बरं."

साहेब गेल्यावर सुनेने मशीन चालू केलं. आवाज नेहमीपेक्षा जोरात होता.

दुसऱ्या दिवशी शर्ट तयार होऊन आरशाशेजारच्या खुंटीवर लटकत होता. फक्त कफाची बटणं राहिली होती. बाहेर गाड्या थांबल्या, गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या आणि तितक्याच पटकन बंद झाल्या. बाई आत आली. हिच्याच वयाची, बुटकी, पायांत चपटे बूट. अंगातला कोट भारी होता, पण मागच्या बाजूला त्याची दुमड उसवून लोंबत होती. मागोमाग इस्त्रीसाहेब.

बाईला इकडची भाषा येत होती, अडखळत का होईना. "नमस्कार. मी बसू?"

"आधी कोट काढा," मावशी म्हणाली.

साहेबाने घसा खाकरला. "मावशी..."

"अहो, एवढ्या मोठ्या बाई, जनरलसाहेबांसमोर बसणार आणि मागून अशी झालर लोंबत? आमच्या गल्लीतून गेल्या म्हणून नाव कुणाचं खराब होईल? काढा, काढा. गप्पा मारेपर्यंत होतंय."

बाईने कोट काढून दिला. ती हसत होती. मावशीने दोरा ओवला आणि मांडीवर कोट घेऊन बसली. हाताला काम मिळालं की तिला बरं वाटायचं. तोंडाला जे बोलायचं ते बोलू दे, हात आपले खरे.

"तुमचा मुलगा," बाई म्हणाली, "सकाळच्या बातम्या. आमच्याकडे नदीवरून ऐकू यायचा. माझा नवरा त्याच्या आवाजावर घड्याळ लावायचा."

मावशीने टाका घातला. "लहानपणी तोतरा होता. मीच बोलका केला. मापं मोठ्याने वाचायला लावायची."

"आता भेटता त्याला?"

समोर साहेबाच्या पँटची घडी होती. तिने त्या घडीकडे बघून उत्तर दिलं. "दर महिन्याला."

"कसा आहे?"

"उत्तम." आणि मग एवढं फारच कोरडं झालं असं वाटून, "खातोपितो. तसाच आहे."

बाईची नजर खुंटीकडे गेली. "हा त्याचा?"

"त्याचाच. उद्या घालेल."

"माप घ्यायला देतात तिथे?"

हे काही कागदावर नव्हतं. साहेब पुढे सरकला, पण त्याच्या आधी तीच बोलून गेली. "का नाही देणार? गेल्याच महिन्यात घेतलं."

सुनेने मान वर केली.

एकदा तोंडातून निघाल्यावर तिला ते थांबवता आलं नाही. गेल्या महिन्यात. टेप त्याच्या पाठीमागून फिरवून छातीवर आणली, त्याने नेहमीसारखा उगाच श्वास भरून धरला, ती म्हणाली सोड मेल्या, तो हसला आणि टेप सैल पडली. काय काय सांगितलं तिने. बाई लक्ष देऊन ऐकत होती. मावशीचे डोळे कोटावर होते, पण हात टाका घालायचा थांबला होता आणि दोन्ही पंजे काही एक अंतर ठेवून हवेत धरलेले होते, त्यात कुणीतरी उभं असावं तसे.

"मग नीट बसेल," बाई हळूच म्हणाली.

मावशी भानावर आली. "बाई, चाळीस वर्षं शिवतेय. माझा शर्ट सूतभर इकडेतिकडे झाला तर ही कात्री नदीत टाकीन. तुमच्या बाजूने."

बाई कोट चढवून आरशासमोर उभी राहिली, वळून तिने मागची दुमड पाहिली. टाके दिसत नव्हते. बराच वेळ ती त्या न दिसणाऱ्या टाक्यांकडे बघत होती. पैसे विचारण्याची चूक तिने केली नाही. जाताना मावशीचा हात तेवढा दोन्ही हातांत धरला.

"झकास," बाहेर पडता पडता साहेब कुजबुजला. "मापाचं तर फारच छान."

त्या रात्री सून जेवली नाही. "भूक नाही" म्हणाली. सासूने तिचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळी तेच तिच्यापुढे सरकवलं. "दोघांनी वाळून चालणार नाही," एवढंच म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं.

दुपारी दूरदर्शनवर दाखवलं. दुकानातला टीव्ही लहान होता, कापडाच्या गठ्ठ्यांवर ठेवलेला. दोघी समोर उभ्या राहिल्या. आधी सभागृह, पडदे, फुलं. मग एक चुन्याने रंगवलेली खोली, टेबल, पाण्याचा तांब्या. मग दार उघडलं आणि तो आत आला.

आवाज नव्हता, मागे बँड वाजत होता. शर्ट आधी आला आणि माणूस त्याच्या आतून कुठून तरी आला असं वाटलं. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. कॉलरमध्ये मूठ जाईल एवढी पोकळी. बाह्या बोटांपर्यंत. त्याने त्या दोनदा वर सारल्या आणि दोनदा त्या खाली आल्या.

"बाही बघ," सासू म्हणाली. "बाही किती खाली आली."

"केस पांढरे झालेत," सून म्हणाली.

"खांद्याचा तीरा तर पार..."

"हसले, आई. आत्ता हसले ते. बाह्या बघून हसले."

एक शर्ट पाहत होती, दुसरी माणूस. चित्र हललं. ती बुटकी बाई खुर्चीवरून उठली आणि त्याच्यापाशी गेली. कोणाला काही विचारलं नाही. त्याचा कफ तिने दोन बोटांत धरला, उलटून पाहिला, आत सोडलेली कापडाची माया बघितली, शिवण बघितली. मग मान वर करून चेहरा बघितला. त्याला काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. बाईने मागे वळून कुणाकडे तरी पाहिलं, आणि पडद्यावर एकदम फुलं आली. बँड वाजतच राहिला.

सून तोंडावर पदर धरावा तसा कापडाचा तुकडा धरून उभी होती. सासू टेबलापाशी गेली. तिने टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली.

"तू म्हणाली होतीस," ती म्हणाली. "दोन बोटं."

"दोननं झालं नसतं, आई."

संध्याकाळच्या बातम्यांत सहीचा उल्लेख नव्हता. 'चर्चा सुरू आहे' एवढंच सांगितलं. ते वाचणारा नवा माणूस होता आणि हवामान सांगायला तो विसरला.

इस्त्रीसाहेब सकाळी दुकान उघडायच्या आधीच हजर. परवाचीच पँट होती आणि घडी पार मोडली होती.

"काय करून ठेवलंत हे?" दार लागायच्या आत त्याने सुरू केलं. "त्या बाईने कागदावर सही करायचं नाकारलं. आईने गेल्या महिन्यात माप घेतलं म्हणते, आणि शर्ट असा? म्हणे जिने माझ्या कोटाची दुमड शिवली ती बाई असा शर्ट शिवूच शकत नाही. आम्ही सांगितलं, म्हातारी आहे, नजर गेली. चुकलं माप."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं! काय सांगणार दुसरं? तुम्हीही तेच सांगायचं. डोळ्यांना दिसत नाही, हात चळला, शर्ट बिघडला."

सुनेने सासूकडे पाहिलं. गल्लीत एकदा एका गिऱ्हाइकाने शर्ट आखूड झाला असं म्हटलं होतं. मावशीने त्याला भर रस्त्यात उभा करून चार जणांदेखत मापून दाखवलं होतं.

मावशी खुर्चीवर बसली. आज ती शांत होती, आणि तेच साहेबाला जड जात होतं.

"शर्टात काही चूक नाही, साहेब. तो ज्या माणसाचा आहे त्याला अगदी बरोबर आहे. तुम्ही मला तो माणूस परत आणून द्या, मी घालून दाखवते."

"मावशी, उलटं बोलून..."

"बरं, नाही बोलत. माझी नजर गेली. हात चळला. कबूल. आता त्या बाईंचं काय म्हणणं आहे?"

त्याने कपाळ पुसलं. इथे यायचं खरं कारण आत्ता कुठे तोंडावर येत होतं. "म्हणतात, चुकलं असेल तर हरकत नाही. आईने परत माप घ्यावं. माझ्यासमोर." तो खिडकीबाहेर पाहू लागला. "नाहीतर सगळे शेजारी दुपारच्या विमानाने परत जातील. वरून हुकूम आलाय. गाडी बाहेर आहे. टेप घ्या. कात्री नाही, टाचण्या नाहीत."

मावशी उठली नाही.

"अहो, चला ना! शर्ट हवाय का मुलगा भेटायला हवाय?"

तिने उठून टेप गळ्यात घातली. गुडघे धरलेले होते, ती टेबलाला धरून सरळ झाली. साहेब दाराकडे वळला. मशीनवर सून खाली मान घालून बसली होती, पाठ एकदम ताठ. काल रात्री तिने शर्टातून उरलेल्या कापडाची एक चिंधी उशाला घेतली होती. सासूने ती पाहिली होती आणि पाहिली नाही असं केलं होतं.

"आणि लिहायला?" मावशीने विचारलं.

"काय लिहायला?"

"मापं. छाती, तीरा, बाही, गळा, लांबी. हवेत ठेवू?"

"तुम्ही लिहा की. कागद मी देतो."

तिने एकदा त्या मोडलेल्या घडीकडे पाहिलं. उघड्या दारातून गल्ली दिसत होती. समोरचा न्हावी पायरीवर येऊन उभा राहिला होता, वरच्या खिडकीत दोन बायका होत्या, गाडीभोवती शाळेला निघालेली पोरं जमली होती. तिने आवाज खाली आणला नाही. गिऱ्हाइकांना पुकारते त्याच आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली,

"मला लिहिता येत नाही."

न्हाव्याने मान वळवली. साहेब तिच्याकडे बघत राहिला.

"काय?"

"लिहिता येत नाही, वाचता येत नाही. कधीच आलं नाही. चष्मा-बिष्मा काही नाहीये मला. आमच्यात मी पुकारते आणि ही लिहिते. त्या बाईंनी पाहिलंय दुकान कसं चालतं ते. तुम्ही लिहाल, तर तुमचं अक्षर मला उलगडायचं नाही आणि परत शर्ट बिघडेल. मग तुमचे शेजारी कुठवर थांबतील ते तुम्हीच बघा."

साहेबाने घड्याळ पाहिलं. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"गाडीत बसा," तो शेवटी म्हणाला. "दोघी बसा. पण बोलायचं काही नाही. फक्त मापं."

सून उठली आणि भराभरा शोधू लागली. खण ओढला, दुसरा ओढला, टेबलावरची कापडं उचकली.

"पेन्सिल... पेन्सिल कुठे..."

"कानावर आहे तुझ्या." सासूने जवळ जाऊन तिची कानावर अडकलेली बट सोडवली, पेन्सिल काढून तिच्या हातात दिली आणि तिच्या खांद्यावरचे दोऱ्याचे तुकडे झटकले. मग आवाज खाली आणून म्हणाली,

"आणि हे बघ. मापं मी सावकाश सांगणार आहे. एकेक. तुला वर बघून ऐकावं लागेल. लिहायची घाई करू नकोस."